डबा तसाच परत आला

एक गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, बहिणीला सांगितलेली नाही. देवापुढं हात जोडून उभा राहिलो तेव्हा मनातल्या मनातही तिचा उच्चार केला नाही. माझ्या भाच्याचं एक वर्ष वाया गेलं. घरच्यांनी त्याचं खापर थोडं मोबाईलवर फोडलं आणि थोडं कुठल्या तरी वाईट संगतीवर. ती संगत मी होतो.

मार्गशीर्ष सरत आला की ही गोष्ट छातीत हलायला लागते. नांदेडात सकाळी दुकानाचं शटर उचलताना लोखंड हाताला गार लागतं. रस्त्याच्या कडेला बायका तुरीच्या हिरव्या शेंगांचे ढीग लावून बसतात, हरभऱ्याचे ढाळे येतात, बोरं येतात. ढाळ्याचं पान जिभेला लावलं की ती आंबट-खारट चव थेट मुरुडकडच्या त्या शेतात नेऊन उभं करते. माझी धाकटी बहीण सुनंदा तिथं दिलेली आहे. तिकडं लातूर भागात मार्गशीर्षाच्या अमावस्येला येळवस म्हणतात. गावं त्या दिवशी ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरतात. लातुरातसुद्धा दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. ज्याला शेत आहे तो शेतात, ज्याला नाही तो कुणाच्या तरी शेतात पाहुणा. जो तो येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतो.

यंदाची येळवस चार दिवसांवर आली आहे. सुनंदाचा फोन येऊन गेला. "अण्णा, मुक्कामालाच ये आदल्या दिशी. वहिनीला घेऊन ये. आन हे बघ, आंबिलीची पहिली वाटी तुझीच हाय, उशीर करू नको."

ही पहिली वाटी मला कशासाठी मिळते, ते सांगायचं तर आधी माझं सांगायला हवं.

मी बी.ए. झालो आणि मोटार वाइंडिंग शिकलो. हे दोन्ही एकाच माणसानं का केलं, असं लोक विचारतात. पदवीनं नोकरी दिली नाही आणि विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना तोटा नव्हता, एवढंच त्याचं उत्तर. माझं काम एकट्याचं आहे. जळकी तार काढायची, स्टेटर, म्हणजे तार बसते ते लोखंडी कडं, साफ करायचा, नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढा घालत बसायचं. बोलायची गरज पडत नाही आणि मला बोलायची हौसही नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी मंगल, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "तुमच्याशी बोलण्यापेक्षा मोटारीशी बोललेलं बरं, ती चालू झाली की आवाज तरी करती."

लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं. मुलगी आधीच सासरी गेलेली. हात रिकामे होते आणि ह्या हातांना रिकामं राहता येत नाही. त्या दिवसांत मी फोनवर एक खेळ घेतला. चौघांची एक टोळी असते. आकाशातून एका बेटावर उतरायचं, बंदुका शोधायच्या, बाकीच्यांना संपवायचं, शेवटपर्यंत टिकायचं. आयुष्यात मुंगी मारताना बिचकलेला मी पन्नाशीला आलो असताना त्या बेटावर पटाईत झालो. वेढे घालून घालून बोटं तयार होती, नजर स्थिर होती. जगात कुणालाच नको असलेली माझी एक कला तिथं एकाएकी सगळ्यांना हवीशी झाली.

लॉकडाऊन उठला, दुकान उघडलं, पण मी त्या बेटावरून परतलो नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं की व्यसन म्हणजे मजा. मला तरी त्यात मजा फार दिवस आली नाही. नंतर नंतर मी खेळत होतो तो फक्त न खेळण्याचा त्रास टाळायला. गिऱ्हाईक मोटार घेऊन आलं की मला त्याचा राग यायचा. "हरभऱ्याला पाणी द्यायचं राहून गेलंय बापा, कवा देतास?" असं कुणी कळवळून विचारलं की मी "उद्या" म्हणायचो आणि तो वळायच्या आत फोन आडवा धरायचो. डाव्या हातानं फोन सांभाळत उजव्या हातानं भाकरी खायचो. भाजी कशाची होती हे मंगलनं विचारलं तर सांगता यायचं नाही. पुढं ते तिनं विचारणंच बंद केलं.

खेळात एकमेकांशी बोलता येतं. मी पहिल्यापासून माईक बंद ठेवला. पोरांच्या घोळक्यात एवढ्या वयाचा माणूस बोलायला लागला तर हसतील, ही लाज. अगदी गरज पडली तर एखादा शब्द लिहायचो, 'मागे', 'थांब', 'पळ', एवढंच. माझ्या टोळीत तिघं पोरं होती, सगळी हिंदीत बोलायची. त्यातल्या एकानं पहिल्याच दिवशी म्हटलं, "अरे ये तो मुका है." तेच नाव पडलं. मुका भाई. मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू. घरात आणि दुकानात माझं न बोलणं हा दोष होता. तिथं त्याच न बोलण्याला एक दबदबा आला.

टोळीतला एक पोरगा तुफान या नावानं खेळायचा. आवाज पोरसवदा, फोनला जोडलेल्या कानातल्या यंत्रातून घोगरा होऊन यायचा. खेळात घाई करायचा, पण मी जखमी पडलो की स्वतःचा जीव धोक्यात घालून उचलायला यायचा. बाकीचे पुढं निघून जायचे. हा मागं फिरायचा आणि म्हणायचा, "रुको मुका भाई, आया मैं." प्रत्यक्षात मला असं कुणी कधी उचललेलं नव्हतं, किंवा उचललं असेल तर माझं लक्ष नव्हतं.

आता त्या येळवसेचं सांगतो.

थंडी चांगली पडली होती. ज्वारी कंबरेच्या वर गेली होती, कणसं पोटरीतून बाहेर डोकावत होती. करडईच्या काट्यांवर दव होतं. दाजींनी, म्हणजे सुनंदाच्या मालकांनी, शेताच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केली होती. तिच्यात चुना फासलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, मांडले होते, वरून नवी शाल पांघरली होती. सुनंदानं गावापासून डोक्यावरून आणलेलं आंबिलीचं मडकं कोपीच्या सावलीला ठेवलं होतं. भज्जीचा वास सुटला होता. सगळ्या शेंगांचे कोवळे दाणे, हरभऱ्याची पानं, चिंचेचा कोळ, सगळं बेसनात शिजलेलं. ती भज्जी आणि बाजरीचे वाफवलेले उंडे एकदा जेवले की वर्षभर आठवण राहते असं माणसं म्हणतात. माझ्या लेखी त्या वर्षीची चव नाही. त्या वर्षीचा मला फक्त आवाज आठवतो.

पूजा व्हायला वेळ होता. मी विहिरीच्या कठड्याआड जाऊन बसलो. घरच्यांना वाटलं, अण्णा जुन्या मोटारीचा आवाज ऐकायला गेले असतील. मी एका कानात यंत्र घातलं आणि खेळ सुरू केला. तुफान आधीच आलेला होता. आम्ही बेटावर उतरलो. एका पडक्या घरात शिरलो.

तेवढ्यात सुनंदानं कोपीपासून हाक मारली, "चला रे समदे, पूजेला या!"

तिचा आवाज माझ्या उघड्या कानात आला. आणि श्वासभराच्या अंतरानं तोच आवाज, तेच शब्द, माझ्या दुसऱ्या कानात आले. यंत्रातून. तुफानच्या माईकमधून.

मी उठलो. कठड्यावरून बघितलं. समोर कडब्याची गंजी होती आणि गंजीच्या पलीकडून दोन पाय बाहेर आले होते. पायांत मीच दिवाळीला घेतलेले बूट होते. मी दोन पावलं सरकलो. माझा भाचा, सुनंदाचा एकुलता एक रुषी, गंजीला पाठ लावून बसला होता. फोन आडवा. त्याचा अंगठा वर सरकला आणि माझ्या फोनमधल्या तुफाननं उडी मारली.

बारावी झाल्यावर रुषी डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी लातुरात खोली करून राहत होता. आमच्या दोन्ही घरांत डॉक्टर कुणी नव्हता. माझ्यासमोर तो "हाव मामा", "न्हाई मामा" यापलीकडं बोलत नसे. त्याची हिंदी मी कधी ऐकलेली नव्हती, म्हणून आवाज ओळखता आला नव्हता. त्याला खोलीवर सोडायला गेलो होतो तेव्हा सुनंदा म्हणाली होती, "अण्णा, आमाला यातलं काई कळत न्हाई. तू तेवढं ध्यान ठेव पोरावर."

मी ध्यान ठेवून होतो. रोज. त्याला कुठं लपावं आणि कुठून गोळी झाडावी हे शिकवत होतो.

तेव्हा मी हाक मारायला हवी होती. "रुषी" एवढी एक हाक. फार तर दोघंही हसलो असतो, फार तर मान खाली घातली असती, दोघांचेही फोन त्या विहिरीत गेले असते तरी बरं झालं असतं. मी काय केलं? मी खाली बसलो आणि लिहिलं, 'थांब, मी येतो.' खेळ संपवला, आणि मग पूजेला गेलो. तोही माझ्या मागोमाग आला, हात पुसत. दाजी त्याला म्हणाले, "काय करलालास रं तिकडं?" तो म्हणाला, "अभ्यासाचं बघलालतो." मी आंबील पीत होतो.

येळवसेला पिकात आंबील शिंपायची रीत आहे. पुढचा माणूस मडकं घेऊन चालतो, लिंबाच्या डहाळीनं आंबील पिकावर उडवतो, मागचा ओरडतो. "ओलगे ओलगे सालम पोलगे!" अर्थ विचारला तर जो तो वेगळा सांगतो, पण ओरडायचं मात्र बेंबीच्या देठापासून. सुनंदाच्या शेतात मडकं माझ्याकडं आणि ओरडायचं काम रुषीकडं, असं तो लहान असल्यापासून ठरलेलं. त्या दिवशीही तो माझ्यामागं ओरडत चालला होता. ओरडून घोगरा झालेला तोच पोरसवदा आवाज. मला माझ्या मागं तुफान चाललाय असं वाटत होतं, आणि मान वळवायचा धीर होत नव्हता.

का बोललो नाही? ह्याची उत्तरं मी इतकी वर्षं स्वतःला देत आलोय. मामाची अब्रू जाईल. पोरगं बावरेल. योग्य वेळ बघून सांगू. सगळी खोटी. खरं उत्तर असं की बोललो असतो तर तुफान गेला असता. मला उचलायला मागं फिरणारा तो एकटाच होता.

लातुरात शिकणाऱ्या पोरांचे डबे गावाकडून एसटीनं येतात. सकाळी आया डबे भरतात, फडक्यात बांधून वर पोराचं नाव घालतात आणि बसमध्ये देतात. लातूरच्या स्टँडवर पोरं उभी असतात. आपापला डबा उचलायचा, कालचा रिकामा डबा परतीच्या बसमध्ये ठेवायचा. कुणी कुणाचा डबा चोरत नाही. मुरुडहून सुटणाऱ्या एका बसमध्ये रुषीचा डबा असायचा. स्टीलचा, उभा, सुनंदाच्या लग्नात मिळालेला, झाकणावर तिचं नाव कोरलेला.

हरभरा घाट्यावर आला होता त्या सुमाराला एका संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज बारीक झालेला. "अण्णा, डबा तसाच परत आला रे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, उचललाच न्हाई त्यानं. भरलेला परत आला. भाकर वाळून गेली. मेथीची भाजी केलती, त्याला आवडती म्हणून. आजारी असंल का रे? फोन उचलत न्हाई. तुला काई बोललाय का?"

बस लातूरला पोचते ती वेळ मला माहीत होती. त्या वेळी तुफान माझ्यासोबत होता. त्यानं मध्येच म्हटलंही होतं, "मुका भाई, मेरेकू जाना है, डिब्बा आया होगा." मी लिहिलं होतं, 'एकच.'

म्हणजे आणखी एकच डाव. आम्ही वरच्या पायरीला पोचणार होतो. तो थांबला. एकाचे दोन झाले, दोनाचे किती झाले मोजले नाहीत. तिकडं स्टँडवर पोरं आपापले डबे घेऊन गेली असतील, कंडक्टरनं एक डबा हलवून बघितला असेल, जड लागला असेल. डबा गावाला परत गेला.

मी सुनंदाला म्हणालो, "क्लास असेल गं जादा. परीक्षा जवळ आलीय. काळजी करू नको."

पुढं डबा आणखी कितीदा तरी परत गेला. ती प्रत्येक वेळी मला फोन करायची आणि प्रत्येक वेळी मी तिला नवी थाप मारायचो. थाप मारताना माझ्या हातात तोच फोन असायचा.

शिमगा झाला. उन्हं तापली. तुफान मधूनच म्हणायचा, "भाई, अब मैं नही आता, एक्झाम है." मी लिहायचो, 'एकच.' एवढा एक शब्द मी आयुष्यात इतक्यांदा कधी वापरला नसेल. खोलीवरच्या त्या पोराला अभ्यासाकडं ओढणारं सगळं होतं, आई होती, बाप होता, भिंतीवर लावलेलं वेळापत्रक होतं. त्या सगळ्यांच्या विरुद्ध बाजूनं दोर ओढायला मी होतो.

निकाल लागला. परीक्षा गेलीच म्हणावी असे गुण. दाजींनी त्याला गावाकडं आणलं. त्यांनी त्याच्यावर हात उगारला नाही, नुसतं बोलणं सोडलं. सुनंदानं मला बोलावून घेतलं. "तू समजाव अण्णा. तुझ्यापुढं मान वर करत न्हाई तो."

मी गेलो. ओसरीत सतरंजी टाकलेली. रुषी भिंतीला टेकून बसलेला, हडकलेला, डोळ्यांखाली काळं. मी कमी बोलणारा माणूस, त्या दिवशी मात्र भरपूर बोललो. वेळेची किंमत सांगितली. आईबापाचे कष्ट सांगितले. पडद्यावरचं जग खोटं असतं, हेही सांगितलं. सुनंदा पदर तोंडाला लावून ऐकत होती. माझ्या स्वतःच्या खिशात फोन थरथरला तेव्हा मी मांडी बदलली.

सगळं ऐकून झाल्यावर रुषी म्हणाला, "मामा, मी कवाच सोडलं असतं. खेळाचं मला काई न्हाई. पण त्यात एक जण हाय."

"कोण?"

"मुका हाय बिचारा. बोलता येत न्हाई त्याला. आमी दोघंतिघं सोडली तर त्याला कुणी न्हाई. आमी जेवायला उठलो तरी त्यो तिथंच असतोय. मी जातो म्हणलं की 'एकच' म्हणून लिवतोय. मग जाववत न्हाई."

सुनंदा म्हणाली, "माय! आन त्या मुक्यासाठी तू वरीस घालवलास व्हय रं? आईचा डबा सोडून?"

त्याच्याऐवजी मी बोललो. सांगायची इतकी जवळची वेळ पुन्हा आली नाही, आणि मी तिचंही प्रवचन केलं. म्हणालो, "अरे, अशा ठिकाणी माणसं खोटी असतात. तो मुका नसेलही. असेल कुणी लबाड."

रुषीनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "नसंल तर नसंल, मामा. एकटा तर हाय ना."

मग त्यानं फोन माझ्यापुढं ठेवला. "घ्या. बाबाकडं द्या. पण एकदा त्याला सांगून येऊ का? वाट बघंल त्यो."

मी म्हणालो, "काही गरज नाही."

त्यानं माझं ऐकलं नाही. नांदेडला परतताना बसमध्ये बसल्यावर मी फोन उघडला, तर तुफानचा निरोप येऊन पडलेला. आम्ही जेवायला बसलो होतो तेवढ्यात त्यानं आईच्या फोनवरून पाठवला असणार. मराठीत होता. त्यानं मला कधी मराठीत लिहिलं नव्हतं. बहुधा घाईत, किंवा मनापासून लिहायचं म्हणून.

'मुका भाई मी आता येणार नाही. माझ्यामुळे तुमचा खेळ थांबेल, माफ करा. दुसरं कुणी मिळेल. वेळेवर जेवत जा.'

बस लोह्याच्या पुढं आली होती. खिडकीबाहेर नांगरून टाकलेली काळी रानं होती, उन्हात तापलेली. शेजारचा म्हातारा म्हणाला, "काय झालं वो सायेब, कुणी गेलं का?" मी मान हलवली. होकाराची की नकाराची, त्याला कळली नाही, मलाही नाही.

त्या दिवशी सुटलं असं लिहिता आलं असतं तर लेख बरा झाला असता. पण सुटलं नाही. खेळ फोनवरून काढला आणि पावसाळ्यात दुसऱ्या नावानं पुन्हा घेतला. पुन्हा काढला. पोळ्याच्या आसपास पुन्हा घेतला. नव्या टोळीत मला उचलायला कुणी मागं फिरत नव्हतं, तरी मी पडून राहायचो. तांब्याची तार धरली की अंगठा आपोआप वर सरकायचा आणि वेढा चुकायचा. एक मोटार तर मी अशी भरली की चालू करताच धूर निघाला. ज्याची होती तो शेतकरी ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "तब्येत बरी न्हाई का तुमची?"

मग मी मंगलला खेळाचं सांगितलं. रुषीचं नाही, फक्त खेळाचं. ती ऐकत राहिली, आधी हसली, मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मला वाटलं होतं बाई हाय कुणी तरी," ती म्हणाली. "बाई असती तर भांडता तरी आलं असतं. ह्या डब्याशी कसं भांडू मी?" दुसऱ्या दिवशी तिनं माझा फोन तिच्या ट्रंकेत ठेवला आणि बटनांचा एक जुना फोन माझ्या हातात दिला. "हाव, न्हाई एवढंच तर बोलता तुमी. ह्याच्यात भागंल."

भागलं, पण त्यातून सुटायला मदत झाली ती त्या निरोपाच्या शेवटच्या तीन शब्दांची. वेळेवर जेवत जा. मला मोठे निश्चय जमत नाहीत, हे कळून चुकलं होतं. एवढं मात्र जमेल असं वाटलं. दुपार झाली, जीव कासावीस व्हायला लागला की मी शटर अर्धं ओढायचो, हात धुवायचो, डबा उघडायचो. दोन्ही हात डब्याशी. भाकरीचा तुकडा मोडताना तुकडा बघायचा, भाजी कशाची आहे ते जिभेनं ओळखायचं. पहिले कित्येक दिवस घास फिरायचा. कोंडीत सापडल्यासारखं व्हायचं. पण जेवण होईपर्यंत ती लाट ओसरायची. एके दिवशी घरी आल्यावर मी मंगलला म्हणालो, "आज दोडक्यात शेंगदाण्याचा कूट जास्त झाला होता." ती पोळपाट तसाच ठेवून माझ्याकडं बघत राहिली.

असा एकेका डब्यानं मी तिथून परत आलो. आज खेळ नाही. अजूनही एखाद्या पोराच्या हातातला फोन आडवा दिसला की अंगठ्यात काहीतरी हलतं. हलू दे.

रुषीही परत आला, माझ्या आधी आणि माझ्यापेक्षा सरळ. वर्षभर दाजींसोबत शेतात राबला, मग लातुरातच नर्सिंगला लागला. आता तिथल्या एका दवाखान्यात शिकाऊ आहे. सुनंदा सांगते की जे पेशंट जेवत नाहीत ते त्याच्या हातून जेवतात. डॉक्टर झाला असता की नसता, मला ठाऊक नाही. कदाचित नसताही. पण तो प्रश्न त्याचा त्याला सोडवायला मिळायला हवा होता. मी मध्ये बसून तो खाऊन टाकला.

आणि आता त्या पहिल्या वाटीचं. सुनंदा साऱ्या गावात सांगते, "अण्णा येऊन बोलला आन माझं पोरगं सुधारलं." म्हणून दरवर्षी आंबिलीची पहिली वाटी माझी. दाजी स्वतः हातात देतात. गेल्या येळवसेला रुषी पाया पडला आणि म्हणाला, "मामा, त्या दिशी तुमी बोलला नसता तर मी गेलो असतो वाया." सगळे हसले, बायकांनी डोळे पुसले. मी वाटी तोंडाला लावली. ताक आणि ज्वारीचं पीठ आंबवून केलेली ती गार आंबील. मग हेंडगा पेटवला, रुषी तो कडब्याचा जळता पलिता घेऊन पिकाभोवती पळाला, आणि अंधार पडायच्या आत आम्ही गावाकडं निघालो. वाटेत तो एकदम म्हणाला, "मामा, त्यो मुका काय करत असंल वो आता? जेवत असंल का?"

मी म्हणालो, "जेवत असेल."

तेवढं एकच खरं त्याला मी आजवर सांगितलंय.

मंगलनं पिशवी भरून ठेवली आहे. आम्ही आदल्या दिवशीच निघणार आहोत. हे लिहिलेलं छापून येईल तेव्हा येईल. सुनंदानं आणि रुषीनं ते आधी कागदावर वाचावं असं मला वाटत नाही. लिहून मोकळं होणं हीसुद्धा माईक बंद ठेवून खेळण्याचीच एक तऱ्हा आहे, आणि ती मी पुष्कळ केली. सांगितल्यावर काय होईल, माहीत नाही. वाटी जाईल, ती जायलाच हवी. बहीण बोलायची बंद होईल. रुषी काय करेल याचा अंदाज मला करवत नाही.

सुनंदाला मला सांगायचं आहे की तिचा डबा माझ्यामुळं परत येत होता. रुषीला सांगायचं आहे की मुका मी होतो. तोंडानं, त्यांच्यासमोर, वाटी हातात घ्यायच्या आधी. एवढं माझ्याकडं देणं आहे.